ॲक्वामॅनचं करायचं काय?

ॲक्वामॅन या समुद्रातल्या सुपरहिरोच्या जन्माच्या मला चार गोष्टी माहीत आहेत. पहिलीत त्याचे वडील समुद्रसंशोधक आहेत आणि त्यांनीच मुलाला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलंय. दुसरीत वडील दीपगृहाचे राखणदार आहेत आणि आई समुद्राखालच्या अटलांटिस राज्याची. तिसरीत तो अटलांटिसच्या राणीच्या पोटी जन्मलेला, पण सोनेरी केसांमुळे अपशकुनी ठरवून खडकावर टाकून दिलेला. चौथीत पुन्हा तेच दीपगृह आणि तीच आई, पण घरातली नाती बदललेली. चारही गोष्टी एकाच प्रकाशकानं, डीसी कॉमिक्सनं, छापलेल्या आहेत. नवखा वाचक इथेच अडखळतो आणि विचारतो, यातली खरी कुठली?

उत्तर सोपं आहे. ज्या काळात जी चालू असेल ती. पण हे असं का होतं, ते समजून घेण्यात खरी मजा आहे.

आपल्याकडे फास्टर फेणे म्हटलं की भा. रा. भागवत. पात्र लेखकाचं, आणि लेखकाची लेखणी थांबली की पात्रही थांबतं. अमेरिकेतल्या मोठ्या कॉमिक्स कंपन्यांचा रिवाज वेगळा. तिथे पात्र कंपनीच्या मालकीचं असतं. लेखक येतात, काही वर्षं लिहितात, जातात. पुढचा लेखक येतो आणि मागच्याचं सामान आवरून आपला संसार मांडतो. एकच आख्यान प्रत्येक कीर्तनकार आपल्या परीनं रंगवतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे नवा कीर्तनकार कथेतल्या मागच्या घटनाही बदलू शकतो. याला तिकडे ‘रीटकॉन’ म्हणतात. जुन्या सातबाऱ्यावर नवा फेरफार चढवावा, तसं पात्राच्या भूतकाळावर नवी नोंद चढते आणि तिथून पुढे तीच ग्राह्य धरतात.

असे फेरफार सगळ्याच सुपरहिरोंचे झाले. सुपरमॅनचे झाले, बॅटमनचेही झाले. पण त्यांचा गाभा फारसा हलला नाही. ॲक्वामॅनचा मात्र चेहरा बदलला, हात बदलला, आईवडील बदलले, भाऊसुद्धा बापाकडचा होता तो आईकडचा झाला. मला याचं एकच कारण दिसतं. बाकीच्यांची ताकद त्यांच्या अंगात असते, याची ताकद एका जागेला बांधलेली आहे. सुपरमॅन मुंबईत असो की चंद्रावर, तो सुपरमॅनच. ॲक्वामॅनला पाणी लागतं. आणि वाचक राहतो जमिनीवर, गोष्टीतली संकटंही बहुतेक जमिनीवर, शहरात येतात. मग याचं करायचं काय? ऐंशीहून अधिक वर्षं प्रत्येक पिढीच्या लेखकांनी याच प्रश्नाचं उत्तर शोधलंय. ती उत्तरं ओळीनं पाहिली की हे पात्र उलगडत जातं.

ॲक्वामॅन पहिल्यांदा आला ‘मोअर फन कॉमिक्स’च्या ७३ व्या अंकात. अंकावर महिना होता नोव्हेंबर १९४१. लेखक मॉर्ट वाइसिंगर, चित्रकार पॉल नॉरिस. मुखपृष्ठावर त्याला जागाही मिळाली नव्हती, तिथे डॉक्टर फेट नावाचा दुसराच नायक होता. त्याच अंकात वाइसिंगरनी ग्रीन ॲरो हा धनुर्धारी नायकही आणला. समुद्रातला नायक ही कल्पना तेव्हा नवीन नव्हती. दोन वर्षं आधी, १९३९ मध्ये, बिल एव्हरेटनी दुसऱ्या कंपनीसाठी नेमोर आणला होता. हा समुद्रातला राजपुत्र रागीट होता, जमिनीवरच्या माणसांवर उलटलेला होता. ॲक्वामॅन त्याच्या अगदी उलट, सरळमार्गी आणि मदतीला धावणारा.

पहिल्याच गोष्टीत त्याची गाठ नाझी पाणबुडीशी पडते. तारखा इथे महत्त्वाच्या आहेत. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पर्ल हार्बरवरचा हल्ला डिसेंबर १९४१ चा. पण अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. ३१ ऑक्टोबर १९४१ ला अमेरिकेची ‘रूबेन जेम्स’ ही विनाशिका त्यांनी बुडवली आणि सुमारे शंभर खलाशी गेले. ज्या मुलांच्या घरी रोज रेडिओवर बुडालेल्या जहाजांच्या बातम्या लागत होत्या, त्यांच्या हातात पाणबुडीला भिडणारा माणूस आला. त्या घडीला ‘पाण्यातल्या नायकाचा उपयोग काय’ असं कुणी विचारलं नसतं. युद्धच पाण्यात चाललं होतं.

त्याच्या तोंडून येणारी जन्मकथा त्या काळाला साजेशी होती, विज्ञानावर भाबडा विश्वास असलेली. त्याचे वडील नामवंत समुद्रसंशोधक. पत्नी गेल्यावर त्यांनी स्वतःला समुद्राच्या अभ्यासात बुडवून घेतलं. खोल तळाशी त्यांना एक प्राचीन शहर सापडलं. ते अटलांटिसच असणार, असं त्यांना वाटलं. तिथल्या एका राजवाड्यात पाणी शिरणार नाही असं घर करून ते राहिले, जुने ग्रंथ वाचले आणि मुलाला पाण्यातून प्राणवायू घ्यायला शिकवलं. म्हणजे हा पोरगा जन्मतः तुमच्याआमच्यासारखाच. त्याची शक्ती ही शिकलेली विद्या होती. अटलांटिस होतं, पण ओसाड होतं.

हे अटलांटिस मूळचं प्लेटोचं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यानं आपल्या संवादांमध्ये समुद्रानं गिळलेल्या या गर्विष्ठ राज्याची कथा सांगितली. आपल्याला द्वारका बुडाल्याची कथा लहानपणापासून माहीत असते, तशी पाश्चात्त्य वाचकाला ही. दोन ओळींत सांगितलं तरी त्याच्या डोळ्यांसमोर शहर उभं राहतं.

युद्ध संपलं आणि सुपरहिरोंचे दिवस फिरले. चाळिशीच्या दशकाअखेर वाचक गुन्हेगारी, प्रेमकथा आणि भयकथांकडे वळले, आणि नायकामागून नायक बंद पडले. फ्लॅश गेला, ग्रीन लँटर्न गेला. ॲक्वामॅन टिकला. १९४६ मध्ये तो ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये हलला होता. तिथे पुढच्या पानांवर सुपरबॉय असायचा आणि मागे सहा-सात पानांत ॲक्वामॅन. दुसऱ्याच्या नावावर अंक खपायचा आणि याचं पोट भरायचं. भाडेकरूसारखा मागच्या खोलीत राहिला, म्हणून वाचला.

त्या मागच्या खोलीत त्याला एक चित्रकार मिळाली, रमोना फ्रॅडन. १९५१ पासून सुमारे दहा वर्षं त्यांनी ॲक्वामॅन काढला. सुपरहिरो काढणाऱ्या बायका त्या काळात हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्याही नव्हत्या. त्यांचा ॲक्वामॅन गोल चेहऱ्याचा आणि प्रसन्न. त्याचे मासे आणि ऑक्टोपस तर शेजारपाजारच्या मंडळींसारखे वाटतात, प्रत्येकाला स्वभाव आहे. २०२४ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी त्या गेल्या. ॲक्वामॅनच्या इतिहासात लेखकांची नावं पुढे येतात, पण तो प्रेमळ वाटतो याचं श्रेय मी फ्रॅडन यांना देईन.

मे १९५९ च्या अंकात, ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’ २६० मध्ये, पहिला मोठा फेरफार झाला. चित्रं फ्रॅडन यांची, लेखन रॉबर्ट बर्नस्टाइन यांचं. आता ॲक्वामॅनला नाव मिळालं, आर्थर करी. वडील टॉम करी दीपगृह सांभाळणारे. वादळात सापडलेली एक बाई त्यांना मिळते, ते तिला वाचवतात, लग्न करतात. मरताना ती सांगते की मी ॲटलाना, अटलांटिसची, जमिनीच्या ओढीनं पुन्हा पुन्हा वर यायची म्हणून मला हाकलून दिलं.

मला वाटतं, ॲक्वामॅन खऱ्या अर्थानं जन्माला आला तो या अंकात. १९४१ चा नायक पोहायला शिकलेला माणूस होता. १९५९ चा नायक दोन घरांचा आहे. दीपगृह ही जागाही किती नेमकी निवडलीय पाहा. जमिनीचं शेवटचं टोक, आणि तिथल्या माणसाचं काम काय, तर रात्रभर समुद्राकडे दिवा दाखवणं. अटलांटिसही आता ओसाड राहिलं नाही, तिथे माणसं आली, कायदे आले, हद्दपारी आली. अर्थात जमिनीवरचा बाप आणि समुद्रातली राजघराण्यातली आई ही मांडणी नेमोरची होती, हेही सांगायला हवं. उसनी घेतली, पण स्वभाव वेगळा असल्यामुळे गोष्ट वेगळी झाली.

त्याच सुमारास त्याला एक कमजोरीही मिळाली. तासाभराच्या वर पाण्याबाहेर राहिला की जीव जाणार. सुपरमॅनला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट, तसा याला हा तास. लेखकाच्या दृष्टीनं सोय मोठी होती, घड्याळ लावलं की ताण आपोआप तयार होतो. पण मूळ गाठ त्यामुळे अधिकच घट्ट झाली. नायक आधीच पाण्याला बांधलेला, आता दोरही आखूड.

आणि नेमक्या त्याच वेळी, १९६० मध्ये, तो ‘जस्टिस लीग’ या सुपरहिरोंच्या गटाचा संस्थापक सदस्य झाला. सुपरमॅन, बॅटमन, वंडर वुमन, फ्लॅश यांच्या पंगतीत बसला. पहिल्या मोहिमेत लेखक गार्डनर फॉक्सनी त्याला मान दिला. शत्रू अवकाशातून आलेला महाकाय तारामासा, आणि त्याची पहिली वर्दी आणतो एक फुगणारा छोटा मासा, थेट ॲक्वामॅनकडे. पण दर महिन्याला शत्रू समुद्रातून थोडाच येणार? गटात बसवल्यावर तुलना आली, आणि इथून त्याची पंचाईत सुरू झाली.

साठच्या दशकातल्या लेखकांनी यावर फार चांगलं उत्तर काढलं. नायकाला जमिनीवर ओढायचं कशाला? समुद्रच एवढा भरायचा की वर यायची गरजच पडणार नाही. १९६२ मध्ये त्याचं स्वतःचं मासिक सुरू झालं. निक कार्डी यांची चित्रं म्हणजे पानभर लहरणारं पाणी आणि डौलदार माणसं. १९६३ मध्ये मीरा आली, दुसऱ्या मितीतली, पाण्याला हवा तो आकार देणारी राणी. १९६४ च्या अखेरीस, १८ व्या अंकात, दोघांचं लग्न लागलं आणि ॲक्वामॅन अटलांटिसचा राजा झाला. नायक मंडळी तेव्हा आपली खरी ओळख लपवत प्रेयसीला वर्षानुवर्षं झुलवत ठेवायची. त्या जगात हा चक्क संसाराला लागला. १९६५ मध्ये मुलगा झाला. राज्य आलं, दरबार आला, बंडं आली. सुपरहिरो आणि राजा या दोन भूमिका एका माणसात आल्या की प्रश्न आपोआप उभे राहतात. जमिनीवरच्या मित्रांच्या हाकेला धावायचं की प्रजेपाशी थांबायचं? हा प्रश्न आजवर कुठल्याही लेखकाला संपवता आलेला नाही.

त्याचे दोन मोठे शत्रूही याच काळातले. १९६६ मध्ये ओशन मास्टर आला, हा त्याचा सावत्र भाऊ ऑर्म. आज सिनेमा पाहिलेल्यांना वाटतं, ऑर्म म्हणजे अटलांटिसचा शुद्ध रक्ताचा वारस. पण मूळचा ऑर्म टॉम करीचा मुलगा होता, दुसऱ्या बायकोपासून झालेला, पूर्ण माणूस, कुठलीही शक्ती नसलेला. त्याचं दुखणं म्हणजे भावाकडे सगळं आणि आपल्याकडे काहीच नाही. पुढे हे नातं बापाकडून आईकडे सरकलं आणि भांडणाचा विषयच पालटला. आधी अंगच्या गुणांचा हेवा होता, नंतर गादीवर हक्क कुणाचा, अस्सल रक्ताच्या धाकट्याचा की परजातीच्या बापाच्या थोरल्याचा, हा वाद झाला. भाऊबंदकी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. एका फेरफारानं खलनायकाचा हेतू कसा बदलतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला आठवत नाही.

दुसरा शत्रू ब्लॅक मँटा, १९६७ चा. मोठ्या शिरस्त्राणाचा, लाल डोळ्यांचा. त्यानं जे केलं ते कॉमिक्समध्ये तोवर क्वचितच कुणी केलं होतं. १९७७ मध्ये ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’ ४५२ मध्ये त्यानं ॲक्वामॅनच्या तान्ह्या मुलाला काचेच्या गोळ्यात कोंडलं. गोळ्यातलं पाणी काढून त्यात हवा भरली. आपण श्वास घेतो ती हवा. समुद्रातलं ते लेकरू तीत गुदमरलं, आणि बापाला वेळेत पोचता आलं नाही. जिम अपारो यांच्या कुंचल्यातून आलेला शेवटचा भाग आजही पाहवत नाही. डेव्हिड मिशलीनी यांच्या या गोष्टीनंतर ॲक्वामॅन पहिल्यासारखा प्रसन्न कधीच राहिला नाही.

गंमत बघा, कॉमिक्समध्ये हे दुःख चाललं होतं, आणि त्याच वर्षांत टीव्हीवर त्याची टिंगल तयार होत होती. १९६७ मध्ये त्याची कार्टून मालिका आली, त्यात तो समुद्रघोड्यावर बसून फिरायचा आणि कपाळातून गोल गोल लहरी सोडून माशांना बोलवायचा. तेवढ्यानं काही बिघडलं नव्हतं, कारण ती मालिका समुद्रातलीच होती. बिघडलं १९७३ च्या ‘सुपर फ्रेंड्स’मध्ये. मुलांच्या कार्यक्रमांतल्या हाणामारीवर तेव्हा बंधनं होती, त्यामुळे कुणालाच धड ठोसा मारता येईना. तरीही सुपरमॅन उडू शकत होता, वजन उचलू शकत होता. ॲक्वामॅनच्या वाट्याला उरले फक्त मासे. त्याला काहीतरी काम मिळावं म्हणून गोष्टीत कुठूनतरी पाणी आणावं लागायचं, आणि ती ओढाताण लहान मुलांच्याही लक्षात यायची. ही मालिका वेगवेगळ्या नावांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. तीवर वाढलेली मुलं पुढे विनोदी लेखक झाली, आणि ‘माशांशी बोलणारा’ हा शेरा कायमचा चिकटला. २०१० मध्ये ‘द बिग बँग थिअरी’ या मालिकेच्या एका भागात मित्रांच्या टोळक्यातल्या भारतीय राजेशला, त्याची इच्छा नसताना, ॲक्वामॅनचा वेश घालावा लागतो, कमरेला गुलाबी समुद्रघोडा बांधून. कॉमिक्सचं एक पानही न उघडलेला माणूस या पात्राला हसू शकत होता, इतकी ती टिंगल रुजली होती.

यात अन्याय होता, आणि तो मला आजही बोचतो. थोडं शाळेतलं विज्ञान आठवून पाहू. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. मारियाना गर्ता जवळजवळ ११ हजार मीटर खोल आहे, म्हणजे तिथला दाब आपल्या अंगावरच्या हवेच्या हजारपटीहून अधिक. तिथे साध्या कपड्यांत वावरणाऱ्या शरीराला जमिनीवर मोटार उचलणं जड जाईल का? समुद्राच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू हवेतल्यापेक्षा तिसेक पटींनी कमी असतो, तेवढ्यावर जो पोहतो आणि लढतो, त्याची छाती कशी असेल? पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग पाण्यानं झाकलेला आहे. एवढ्या मुलखाचा राजा दुबळा कसा? नायकाच्या अंगातच बळ आहे, हा विचार कॉमिक्समध्ये अधूनमधून येत होता, पण तो ठसवायला वेळ लागला.

१९८५-८६ मध्ये डीसीनं आपल्या सगळ्या जगाची एकदम आवराआवर केली. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ नावाच्या मालिकेत अनेक समांतर विश्वं मोडून एक केली गेली आणि बहुतेक नायकांच्या जन्मकथा नव्यानं लिहायची मुभा मिळाली. ॲक्वामॅनच्या वाट्याला १९८९ मध्ये ती खडकावर टाकलेल्या बाळाची गोष्ट आली. त्यात तो संपूर्ण अटलांटिसचा, नाव ओरिन. दीपगृहाचा राखणदार सख्ख्या बापाऐवजी मानलेला बाप झाला. मला हा फेरफार फारसा पटत नाही, कारण त्यानं दोन घरांपैकी एक घर काढून घेतलं. पण त्यातूनच पीटर डेव्हिड यांच्यासारखा लेखक आला. त्यांनी १९९० मध्ये आधी अटलांटिसचा सगळा इतिहास बखरीच्या रूपात लिहून काढला, आणि मग १९९४ मध्ये नवं मासिक हाती घेतलं.

दुसऱ्याच अंकात त्यांनी तो प्रसंग घातला. कॅरिब्डिस नावाचा खलनायक ॲक्वामॅनची माशांना आज्ञा देण्याची शक्ती हिरावतो आणि त्याचा डावा हात पिरान्हा माशांनी भरलेल्या पाण्यात धरतो. आयुष्यभर ज्यांना मित्र म्हटलं, त्याच जातीनं हात खाल्ला. चिकटलेल्या टिंगलीला लेखकानं दिलेलं हे उत्तर फार धाडसी होतं. त्यानंतरचा ॲक्वामॅन दाढी वाढवलेला, लांब केसांचा, हाताच्या जागी मासे मारायच्या भाल्याचं टोक बसवलेला. संतापी आणि एकटा. आवडो न आवडो, त्याला हसायची कुणाची हिंमत राहिली नाही.

२००१ मध्ये ‘जस्टिस लीग’ या टीव्ही मालिकेनं हाच हात पुन्हा तोडला, पण कारण बदललं. तिथे ऑर्मनं ॲक्वामॅनला आणि त्याच्या बाळाला खडकाला जखडून ठेवलंय, खाली लाव्हा उकळतोय, बाळाच्या अंगाखालचा खडक सुटत चाललाय. मनगटातली बेडी तुटत नाही. तो कमरपट्ट्याचा धारदार बक्कल काढतो, एकदा हाताकडे पाहतो, आणि पुढचं मालिका दाखवत नाही. आपल्याला फक्त बाळाला उराशी धरून बाहेर आलेला बाप दिसतो. १९७७ चा बाप वेळेत पोचला नव्हता, हा पोचला. ज्या माध्यमानं त्याची टिंगल रुजवली, त्याच कार्टूननं त्याला परत उभं केलं, याचा मला फार आनंद आहे.

पुढची काही वर्षं धरसोडीची गेली. भाल्याऐवजी पाण्याचा जादूई हात आला, अर्धं सॅन दिएगो शहर समुद्रात बुडालं, मूळ ॲक्वामॅन मेला, त्याच्या नावाचा दुसराच तरुण आला, मग मूळचा परत जिवंत झाला. इथे फार थांबण्यासारखं नाही.

थांबायचं ते २०११ मध्ये. डीसीनं पुन्हा सगळी मासिकं पहिल्या अंकापासून सुरू केली, आणि ॲक्वामॅन लेखक जेफ जॉन्स आणि चित्रकार इव्हान राइस यांच्याकडे आला. जॉन्सनी केलं काय, तर टिंगलीलाच गोष्टीत घेतलं. पहिल्या अंकात दरोडेखोरांच्या गोळ्या ॲक्वामॅनच्या कपाळावर ओरखडा काढून जातात, आणि त्यांना पकडून दिल्यावर पोलीस त्याला विचारतात, पाणीबिणी हवंय का? मग तो एका साध्या खानावळीत जातो आणि तळलेले मासे मागवतो. सगळे अवाक. तुम्ही मासे खाता? तुम्ही तर त्यांच्याशी बोलता ना? तो शांतपणे सांगतो की मासे संभाषण करण्याइतके हुशार नसतात, मी त्यांच्या मेंदूला फक्त आज्ञा देतो. शेजारी बसलेला एक ब्लॉग लिहिणारा तोंडावरच विचारतो, कुणाचाच आवडता सुपरहिरो नसणं कसं वाटतं? तो न जेवता उठतो. वाढणाऱ्या बाईला बक्षीस म्हणून समुद्रातली सोन्याची जुनी नाणी ठेवतो. त्या खानावळीत लहानपणी त्याचे बाबा त्याला आणायचे, म्हणून तो आला होता. दीपगृह परत आलं, टॉम करी परत आला, दोन घरं परत आली.

२०१८ चा सिनेमा बराचसा या जॉन्सच्या मांडणीवर उभा आहे. दिग्दर्शक जेम्स वान, नायक जेसन मोमोआ. भारतात तो अमेरिकेच्या आठवडाभर आधी, १४ डिसेंबरला लागला, आणि जगभरात त्यानं १ अब्ज १० कोटी डॉलरच्या वर धंदा केला. (२०२३ मधला दुसरा भाग त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही.) पाण्याखालची दृश्यं बहुतेक पाण्याविनाच काढलेली. नटांना तारांवर आणि यंत्रांच्या हातांवर टांगून पोहल्यासारखं हलवायचं आणि तरंगणारे केस नंतर संगणकावर काढायचे. आधीच्या ‘जस्टिस लीग’ सिनेमात पाण्याखाली बोलायचं म्हणून मीराला हवेचा बुडबुडा करावा लागला होता. वाननी तो खटाटोप सोडून दिला. माणसं पाण्यात बोलतात, प्रेक्षकानं मान्य करावं, बस्स. आणि प्रेक्षकानं केलं. जी टिंगल तिचंही त्यांनी सोनं केलं. मत्स्यालयात दोन मुलं छोट्या आर्थरला भिंतीशी रेटतात, आणि त्याच्या पाठीमागच्या काचेआड शार्क वळतो, मग एकेक करत सगळे मासे येऊन त्याच्या मागे उभे राहतात. माशांशी बोलणं किती भव्य असू शकतं, ते या अर्ध्या मिनिटात कळतं.

मोमोआ आणखी एका कारणानं महत्त्वाचा. सत्तर-पंचाहत्तर वर्षं हा नायक सोनेरी केसांचा गोरा माणूस होता. मोमोआ होनोलुलूत जन्मलेला, वडिलांकडून हवाईचा. बापाच्या, टॉम करीच्या, भूमिकेत न्यूझीलंडचे माओरी नट टेमुएरा मॉरिसन. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांनी ताऱ्यांवर आणि लाटांवर नजर ठेवून हजारो मैलांचा समुद्र होड्यांनी पार केला, त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे वाट आणि वाडवडिलांचं घर. लॉस एंजेलिसमधल्या पहिल्या खेळाच्या वेळी मोमोआनं सोबत्यांना घेऊन हाका हे माओरी नृत्य केलं. १९५९ पासून जे दोन घरांचं दुखणं कल्पनेत होतं, ते या दोघांच्या चेहऱ्यावर खरं वाटतं. त्या सिनेमातलं माझं आवडतं दृश्य लढाईचं नाहीच. टॉम रोज पहाटे धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जातो, बायको परत येईल म्हणून. वर्षानुवर्षं.

दरम्यान नेमोरचीही पंचाईत झाली. २०२२ मध्ये तो सिनेमात आला तेव्हा अटलांटिस पडद्यावर आधीच घेतलेलं होतं. त्याला माया संस्कृतीतून उभं केलेलं तालोकान हे वेगळं राज्य दिलं गेलं. १९५९ मध्ये ॲक्वामॅननं त्याचं घर उसनं घेतलं होतं, आता त्याला नवं शोधावं लागलं.

आणि आता ॲक्वामॅन हे नाव एकट्या आर्थरचं राहिलेलं नाही. २०१० मध्ये ‘यंग जस्टिस’ या मालिकेत काल्डुर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा त्याचा शिष्य म्हणून आला, आणि त्याच वर्षी कॉमिक्समध्ये त्याचंच रूप जॅक्सन हाइड नावानं. हा मुलगा कुणाचा, तर ब्लॅक मँटाचा. ज्यानं आर्थरचं लेकरू हवेत गुदमरवलं त्याचा मुलगा आर्थरनं हाताशी धरला, आणि २०२१ पासून तोही ॲक्वामॅन हेच नाव लावतो. इतक्या फेरफारांत मला सगळ्यात जास्त भिडलेला हा.

जॅक्सनला त्याच्या पालकांनी बापापासून लपवण्यासाठी पाण्यापासून लांब वाढवलंय. गाव सिल्व्हर सिटी, राज्य न्यू मेक्सिको. चहूकडे वाळवंट, समुद्र शेकडो मैल दूर, आणि घरात पोराला सक्त ताकीद की पाण्याजवळ जायचं नाही.